सक्रिय अध्ययनाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत नेमके काय बदलते?

दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एका तरुण सहकारी प्राध्यापिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या त्यांच्या तुकडीत शंभरहून अधिक विद्यार्थी आहेत. नवीन शैक्षणिक धोरण विद्यार्थिकेंद्री अध्यापनाचा आग्रह धरते म्हणून त्यांनी वर्षभर गटचर्चा, सादरीकरणे, प्रश्नमंजूषा असे उपक्रम घेतले. वर्षाच्या शेवटी मुलेच म्हणू लागली, ‘मॅडम, हे सगळे राहू द्या, तुम्हीच शिकवा, आम्हाला तेच समजते.’ निकालातही फारसा फरक पडला नाही. तेव्हा सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे विद्यार्थी नुसते न ऐकता स्वतः विचार करून, बोलून शिकतात अशा या पद्धतींचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर खरोखर परिणाम होतो का, की हे केवळ मूल्यांकनाच्या फायलीपुरते आहे, असे त्यांनी विचारले आहे.

तालुक्याच्या गावातील एका विज्ञान महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवत आहे. त्यांपैकी पहिली दहा-अकरा वर्षे मी निव्वळ व्याख्याने दिली, नंतरची तीन वर्षे चुकीच्या रीतीने उपक्रम घेतले आणि त्यानंतर हळूहळू काही गोष्टी जमू लागल्या. या अनुभवावरून आणि या विषयावर झालेल्या संशोधनाच्या वाचनावरून माझे उत्तर असे आहे की परिणाम निश्चित होतो, तो मोजता येण्याइतका ठळक असतो आणि मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांवर तो सर्वांत जास्त होतो. मात्र तो ‘उपक्रम’ घेतल्याने होत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे उत्तर ठरवावे लागते, ते दुसऱ्याला पटवून द्यावे लागते आणि ते चुकले असेल तर नेमके कुठे चुकले हे त्याच तासात कळते, तेव्हा तो होतो. या तिन्हींपैकी एक जरी गळाले तरी वर्गात गलबला होतो, पण शिकणे होत नाही.

आधी मोजमापाविषयी सांगतो, कारण आपल्याकडे ही चर्चा बहुधा मतांवरच चालते. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. परीक्षेतील गुण सरासरी सहा टक्क्यांनी वाढलेले दिसले. सहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, परंतु काठावर नापास होणारी मुले ज्याने पाहिली आहेत त्याला त्यांचे मोल समजेल. त्याआधी १९९८ साली रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पदार्थविज्ञानातील आकलन-चाचण्यांची तुलना केली होती. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हते त्यापैकी किती सत्राअखेरीस येऊ लागले, असे त्यांचे माप होते. पारंपरिक वर्गांत हे प्रमाण सरासरी एक-चतुर्थांशाहूनही कमी भरले, तर विद्यार्थ्यांना सतत विचार करायला आणि आपसांत बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते जवळजवळ निम्मे होते.

हे असे का होते, हे समजण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांचा अनुभव मला फार उपयोगी पडला. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षेतील अवघड गणिते मुले सोडवत आणि आपण उत्तम शिकवतो असा त्यांचा समज होता. मग त्यांनी बल आणि गतीविषयीच्या अगदी साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांची चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की, याची उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची की मला स्वतःला जसे वाटते तशी लिहायची? हा प्रश्न वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो, कारण माझ्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या डोक्यात असेच दोन कप्पे आहेत हे मला ठाऊक होते आणि मी इतकी वर्षे फक्त एकाच कप्प्यात भर घालत होतो. विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाहीत. विजेविषयी, बलाविषयी, उष्णतेविषयी त्यांचे स्वतःचे सिद्धांत पक्के असतात आणि व्याख्यान त्या सिद्धांतांना स्पर्शही न करता वरून निघून जाते.

हे प्रत्यक्ष वर्गात कसे दिसते ते एका तासाच्या उदाहरणाने सांगतो. विद्युत परिमंडळे शिकवायच्या आधी मी टेबलावर एक बॅटरी आणि दोन सारखे छोटे दिवे एकापुढे एक जोडून ठेवतो, पण कळ दाबत नाही. फळ्यावर प्रश्न असतो: कोणता दिवा जास्त प्रकाश देईल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखाच? दीड मिनिट कोणी कोणाशी बोलायचे नाही. उत्तर वहीत लिहायचे आणि मी सांगितल्यावर एक, दोन किंवा तीन बोटे छातीशी धरून दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि मला सगळा वर्ग एका नजरेत वाचता येतो. ओहमचा नियम बारावीत पाठ केलेली निम्म्याहून अधिक मुले एक बोट दाखवतात. त्यांच्या मनात करंट ही खर्च होणारी वस्तू असते. ‘पहिला दिवा करंट खातो, उरलेला दुसऱ्याला मिळतो’, असे ती नंतर बोलूनही दाखवतात. मग मी म्हणतो, ‘तुमच्यापेक्षा वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधा आणि तीन मिनिटांत त्याला पटवून द्या.’

एका वर्षी या तीन मिनिटांत मी बाकांमधून फिरत असताना मागून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तिच्या मैत्रिणीला विचारत होती, ‘अगं, दिवाळीच्या माळेतला पहिला दिवा जास्त उजळ असतो का? मग?’ मैत्रीण गप्प झाली, क्षणभराने म्हणाली, ‘पण मग करंट संपत का नाही?’ आणि पहिलीने उत्तर दिले की, मोटारीचे पाणी पाइपात मध्येच कमी होते का, जेवढे आत तेवढेच बाहेर. ही मुलगी वर्षभरात माझ्यासमोर एक वाक्य बोलली नव्हती. तिला विषय येत होता, परंतु इंग्रजी पाठ्यपुस्तकातील भाषेत तो सांगता येत नव्हता, आणि मी तोपर्यंत फक्त इंग्रजीत विचारत होतो. माळेचे उदाहरण मला वीस वर्षांत सुचले नव्हते. तेव्हापासून मी ते दरवर्षी वापरतो. दुसऱ्यांदा बोटे वर आली तेव्हा तीन बोटांची संख्या कितीतरी वाढलेली होती. त्यानंतर मी कळ दाबली आणि मगच सात-आठ मिनिटे व्याख्यान दिले. त्या सात-आठ मिनिटांत वर्ग ज्या तऱ्हेने ऐकतो तसा तो एरवी पूर्ण तासात ऐकत नाही, कारण प्रत्येकाने आधी काहीतरी पणाला लावलेले असते.

यावर एक रास्त शंका घेतली जाते, आणि सुरुवातीला माझीही तीच होती: मुले हुशार मुलाचे उत्तर पाहून बोट बदलत असतील. कोलोरॅडो विद्यापीठाच्या जनुकशास्त्राच्या वर्गात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हेच तपासले. विद्यार्थ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर एकट्याने दिले, मग चर्चा केली, पुन्हा उत्तर दिले, आणि त्यानंतर त्याच संकल्पनेवरचा पण वेगळा प्रश्न पुन्हा एकट्याने, चर्चेविना सोडवला. या दुसऱ्या प्रश्नातही प्रगती टिकली, आणि विशेष म्हणजे चर्चेपूर्वी ज्या गटांत एकालाही बरोबर उत्तर येत नव्हते अशा गटांतही ती दिसली. म्हणजे मुले नुसती नक्कल करत नव्हती. बोलता बोलता विचार पुढे जात होता. मोठ्या वर्गात हे चालत नाही, हा आक्षेपही टिकत नाही. मुंबईच्या आयआयटीत संगणक-प्रोग्रामिंगच्या, शेकडो विद्यार्थी बसलेल्या प्रथम वर्षाच्या वर्गात ‘आधी एकट्याने विचार, मग जोडीत चर्चा, मग वर्गासमोर मांडणी’ ही रीत वापरून निरीक्षण केले गेले, तेव्हा सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे.

आता मॅडम, आपल्या तक्रारीच्या मुळाशी येतो, कारण ‘तुम्हीच शिकवा’ हे वाक्य ऐकून अनेक चांगले शिक्षक या वाटेवरून परत फिरले आहेत. लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्येच केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले. आशय तोच आणि हाती दिलेले साहित्यही तेच, पण एका भागाला प्रवाही, सुबक व्याख्यान आणि दुसऱ्याला प्रश्न सोडवत शिकणे. चाचणीत दुसरा भाग पुढे होता, तरी आपण किती शिकलो असे विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनाच आपण जास्त शिकलो असे वाटले. स्वच्छ व्याख्यान ऐकताना शिक्षकाला जे समजले आहे ते आपल्यालाच समजले असा भास होतो, आणि स्वतः धडपडताना जी दमछाक होते ती न समजण्याची खूण वाटते. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट मुलांना मोकळेपणाने सांगावी, हा त्या संशोधकांचा सल्ला मी पाळतो. ‘या वर्गात तुम्हाला अडखळल्यासारखे वाटेल, आणि ज्या दिवशी अडखळाल त्या दिवशी तुम्ही शिकत असाल,’ असे मी जुलैत सांगतो आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्यांच्याच पहिल्या चाचणीच्या वह्या परत दाखवतो. आपण तोवर काय शिकलो हे मुलाने स्वतःच्या अक्षरात पाहिले की वेगळे समजावावे लागत नाही.

परीक्षेची भीती हाही त्या वाक्याचाच भाग आहे. विद्यापीठाचा पेपर स्मरणावर भर देणारा असेल तर चर्चेत वेळ का घालवायचा, असे मुलांना आणि पालकांनाही वाटते. इथे रोएडिगर आणि कार्पिके यांचा २००६ सालचा प्रयोग मी वर्गात सांगतो. एक उतारा काहींनी पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होते आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणून माझ्या प्रत्येक तासाची सुरुवात वह्या मिटून होते: मागच्या तासाचे तीन मुद्दे कोऱ्या कागदावर लिहायचे, गुण नाहीत, कागद गोळा करायचा नाही. चार मिनिटे लागतात. ज्या मुलांना आदल्या रात्री गाईडमधील ‘हमखास’ प्रश्नांवर रंग फासण्याची सवय असते त्यांना पहिले काही आठवडे हे जड जाते, पण सत्रान्त परीक्षेच्या वेळी हीच मुले येऊन सांगतात की आठवण्यासाठी डोक्याला ताण द्यावा लागला नाही.

मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी मी सुरुवातीला जे विधान केले त्याला आधार आहे. थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० साली केलेल्या विश्लेषणात, अमेरिकेतील विज्ञान शिक्षणात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशा समाजगटांतील आणि अल्प उत्पन्न कुटुंबांतील विद्यार्थी आणि इतर विद्यार्थी यांच्यातील गुणांची दरी सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत सरासरी ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्णतेतील दरी ४५ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. हा लाभ मात्र तासाचा मोठा भाग या कामाला देणाऱ्या वर्गांतच स्पष्ट होता. अधूनमधून एखादा प्रश्न टाकल्याने दरी हलली नाही. आपल्याकडील समाजरचना वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावू नयेत. पण कारण तेच असावे असे मला मनापासून वाटते. ज्याच्या घरी शंका विचारायला कोणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, जो घरातला पहिलाच पदवीला आला आहे, त्याच्यासाठी तासाच्या वेळातच विचार करण्याची संधी मिळणे हीच एकमेव संधी असते. ज्याच्याकडे घरी सगळे आहे तो वाईट व्याख्यानातूनही तरून जातो.

याच कारणासाठी मी घरी करावयाच्या गटकामाला आणि ‘व्हिडिओ घरून पाहून या’ या रीतीला फार जपून हात घालतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली संध्याकाळच्या एसटीने आपल्या गावी परततात. ती गाडी चुकली तर पुढची रात्रीची. घरी एकच मोबाइल, तोही वडील शेतावर घेऊन गेलेले. तास संपल्यावर गटाने बसून प्रकल्प करा असे सांगितले की वसतिगृहातली मुले तो करतात आणि बाकीच्यांची नावे फक्त पहिल्या पानावर येतात. जे करायचे ते तासात करायचे, हा नियम मी त्यातून शिकलो.

माझ्या त्या तीन चुकीच्या वर्षांविषयीही सांगणे आवश्यक आहे, कारण आपले वर्ष मला तसेच गेलेले दिसते. मी सहा-सहांचे गट केले आणि प्रत्येक गटाला पाठाचा एक भाग सादरीकरणासाठी वाटून दिला. प्रत्येक गटात एक जण काम करी, एक जण बोले आणि चौघे पाहत राहत. सादरीकरण म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर वाचून दाखवणे, त्यातील चुका दुरुस्त करायला वेळ नसे, आणि बाकीचा वर्ग ते चुकीचे आशय निमूटपणे ऐकत बसे. यात मुले हलत-बोलत होती, पण कोणाच्याही डोक्यातील पहिला सिद्धांत हलत नव्हता. नवख्याला पुरेसे मार्गदर्शन न देता सोडून दिले तर तो शिकत नाही, ही किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली केलेली टीका मला म्हणूनच पटते. ती नीट योजलेल्या सक्रिय अध्ययनाच्या विरोधात जात नाही, उलट त्यात शिक्षकाचे काम किती वाढते हे सांगते. अमेरिकेतील जीवशास्त्राच्या वर्गांच्या २०११ सालच्या एका पाहणीत, सर्वसाधारण शिक्षकांनी आपापल्या समजुतीने वापरलेल्या सक्रिय पद्धतींचा शिकण्याशी संबंधच आढळला नव्हता. पद्धतीचे नाव घेतल्याने परिणाम होत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत विद्यार्थिकेंद्री पद्धतींविषयी माहिती मागितलेली असते आणि ती मागणे योग्यच आहे. परंतु त्या रकान्यासाठी घेतलेला एक दिवसाचा कार्यक्रम, त्याची छायाचित्रे आणि अहवाल यांत शिक्षकाची जी शक्ती जाते ती दहा चांगले प्रश्न तयार करण्यात गेली असती तर विद्यार्थ्यांचे भले झाले असते, असे मला दर वेळी तळमळीने वाटते. चांगला प्रश्न तयार करायला वेळ लागतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, दोन-दोन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या तरुण शिक्षकांना तो वेळ कोणी देत नाही आणि त्याचा मोबदलाही मिळत नाही. त्यांच्याकडून या पद्धतींची अपेक्षा करणाऱ्या संस्थांनी आधी याचा विचार करायला हवा.

भीतीविषयीही एक सावधगिरी बाळगावी. अचानक नाव घेऊन उभे करणे म्हणजे सहभाग, असा समज आहे, पण त्यामुळे बुजरी मुले तासालाच येईनाशी होतात हे मी पाहिले आहे. मी व्यक्तीला न विचारता जोडीला विचारतो: ‘तुमच्या दोघांत काय ठरले?’ चूक झाली तर ती दोघांची असते आणि बोलायला धीर येतो. जोड्या दर पंधरा दिवसांनी बदलतो, नाहीतर एका गावची, एका वसतिगृहाची, एका माध्यमाची मुले एकत्र बसतात आणि इंग्रजी माध्यमातली मुले आपसांतच बोलत राहतात. चर्चा मराठीत होऊ देतो, उत्तर लिहिताना इंग्रजी संज्ञा आग्रहाने वापरायला लावतो. तिसऱ्या वर्षाला आलेली मुले प्रयोगशाळेत ‘सर, हे वाचन आम्हाला पटत नाही’ असे म्हणू लागतात, तेव्हा प्रथम वर्षातील त्या जोड्यांचे फळ मला दिसते. गुणपत्रिकेत ते कुठे उमटत नाही.

आपल्यासाठी माझी सूचना इतकीच आहे की येत्या सत्रात सगळे उपक्रम थांबवावेत आणि प्रत्येक तासाला एकच प्रश्न न्यावा. प्रश्नाला आकडेमोड नसावी आणि त्याचे चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजातून घेतलेले असावेत. पहिल्या मतदानात साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर आली तरच चर्चेला सोडावे. त्याहून कमी आली तर चर्चा आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवल्यासारखी होते, तेव्हा पुन्हा समजावून सांगावे, आणि जास्त आली तर पुढे जावे. पहिल्या वर्षी आपले निम्मे प्रश्न फसतील. कोणत्या प्रश्नाला किती बोटे आली आणि मुलांनी कोणते कारण दिले, हे तास संपताच स्टाफरूममध्ये बसून एका वहीत लिहून ठेवावे. माझ्याकडे अशा चौदा वह्या आहेत आणि पुढच्या वर्षीचा प्रश्न मी नेहमी आधीच्या वर्षीच्या चुकीच्या उत्तरांतूनच तयार करतो.